पिशव्या कोण धरणार?

मार्लीन हॉकेटनं एकदा मनात घेतलं की घेतलं. आमच्या गावात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, कारण गावातली निम्मी माणसं लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत गेलेली आहेत. केंटकीतल्या या वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यांवर तीसेक वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली आणि तिचा नियम एकच होता: सगळ्यांची बुडं बाकाला टेकल्याशिवाय गाडी हलणार नाही. एकदा अकरावीतला एक दांडगट पोरगा काही केल्या बसेना. मार्लीननं इंजिन बंद केलं, चष्मा पुसला आणि पायाशी ठेवलेलं विणकाम काढलं. शाळेचा पहिला तास उरकला तरी बस चर्चच्या वळणावर उभीच. शेवटी बाकीच्या पोरांनीच त्याला खांदे दाबून बसवला. तो पोरगा आज आमचा शेरीफ आहे आणि मार्लीन दिसली की अजूनही आधी खुर्ची शोधतो.

तर अशी ही बाई. पण एका बाबतीत मात्र तिनं उभ्या जन्मात कधी हेका धरला नाही. दर उन्हाळ्यात आमच्या इथं जत्रेचं मैदान गजबजतं, पाळणे येतात, चक्रं येतात, आरडाओरडा होतो. घरचे सगळे वर जातात आणि मार्लीन खाली उभी. एका खांद्यावर सगळ्यांची जाकिटं, दुसऱ्यावर पर्सा, हातात कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं कणीस, आणि बोटाला प्लास्टिकच्या पिशवीत पोहणारा बक्षिसाचा मासा. लहानपणी सात भावंडांत ती थोरली, तेव्हाही तेच. लग्न झालं, ट्रेसी आणि कर्टिस झाले, तेव्हाही तेच. कुणी तिला, तूही पाळण्यात बस, असं म्हटलं नाही आणि तिनंही कधी मागितलं नाही. विचारलंच कुणी, तर म्हणायची, मग पिशव्या कोण धरणार? यावर कुणाकडे उत्तर नसायचं, कारण उत्तर म्हणजे आपण धरणं.

जोसी ही ट्रेसीची मुलगी. दिवस भरायच्या आत जन्मली, पहिले कित्येक आठवडे काचेच्या पेटीत काढले. जगली, वाढली, पण अंगानं बारकीच राहिली. ट्रेसी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, नवरा कधीच निघून गेलेला, त्यामुळे पोरगी वाढली ती मार्लीनच्या स्वयंपाकघरात, टेबलाखाली नाहीतर टेबलावर. बोलायची कमी, बघायची फार.

जोसी पाच वर्षांची असताना जत्रेत पहिल्यांदा मोठी रोलर कोस्टर आली. कर्टिसचे दोघे मुलगे, ट्रेंट आणि कोल्बी, धावत जाऊन रांगेत लागले आणि जोसी त्यांच्या मागे. फाटकावरच्या माणसानं मापाची काठी तिच्या शेजारी धरली, मान हलवली आणि तिला सगळ्या रांगेसमोरून परत पाठवली. वरून कोल्बी ओरडला, "मूठभर, खालीच थांब!" लोक हसले. लोकांना काय, हसायला काहीही पुरतं. जोसी रडली नाही. ती आजीपाशी आली, तिच्या हातातून एक पिशवी घेतली आणि शेजारी उभी राहिली.

"आजी, तू पण बुटकी होतीस?"

"नाही गं."

"मग तू का नाही बसत?"

मार्लीन सवयीनं म्हणाली, "पिशव्या कोण धरणार?" आणि बोलता बोलता तिची नजर त्या पोरीच्या हाताकडे गेली. दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून ती पोर अगदी मार्लीनसारखी उभी होती, एका पायावर भार टाकून. आपल्यामागून ही जागा या पोरीला जाणार, हे मार्लीनला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं जाहीर केलं की सगळं घर फ्लॉरिडाला जाणार, तिथल्या त्या अवाढव्य पार्कात, जिथं लोक आठवडाभर राहतात. तिथं खाणीतल्या गाडीसारखी एक रोलर कोस्टर आहे. तिच्या पहिल्या डब्यात मी आणि जोसी शेजारी शेजारी बसणार. जोसी मापात बसेल तेव्हा जायचं, त्याआधी नाही.

ड्वेन, म्हणजे तिचा नवरा, जन्मभर कोळशाच्या खाणीत राबलेला. पाठ तिथंच ठेवून आलेला. तो कॉर्नब्रेडचा तुकडा मोडत म्हणाला, "आख्खं आयुष्य मी खाणीतून बाहेर यायची वाट बघितली. आता सुट्टी काढून, रांग लावून परत आत जायचं?"

"तू नको येऊस आत. तू बाहेर बाकावर बस."

दुसऱ्या दिवशी तिनं पार्कात फोन लावला. संगीत ऐकत बसली, कान लाल झाला तरी फोन ठेवला नाही, आणि माप विचारून घेतलं: चव्वेचाळीस इंच. मग ड्वेनची टेप घेतली, जमिनीपासून मोजलं आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लाल रेघ मारली.

आता ही चौकट म्हणजे हॉकेटांच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. ट्रेसी कधी केवढी होती, कर्टिस तिच्या पुढं कधी गेला, सगळं त्यावर पेन्सिलीनं आहे. मेलेल्या कुत्र्याचीसुद्धा खूण आहे. आमच्याकडे अशी चौकट घरोघरी असते, लोक घर रंगवतात तेव्हा तेवढीच लाकडाची पट्टी सोडून देतात. पण हॉकेटांकडे चौकट बोलली की पुढं कुणी बोलायचं नाही.

त्यानंतर दर रविवारी चर्चमधून आलं, जेवण झालं, की मोजणी. जोसी बूट काढून चौकटीला पाठ लावायची, मार्लीन तिच्या डोक्यावर कॉर्नफ्लेक्सचा खोका आडवा ठेवून खूण करायची. मधल्या दिवसांत दूध, अंडी, घेवडा आणि लवकर झोप. बाकीच्या घराची मात्र चुळबुळ चालली होती. कर्टिस तर उघडच कुरकुरायचा. पोरांची वसंतातली सुट्टी आली, गेली, शाळेतली निम्मी पोरं पार्क बघून कानवाल्या टोप्या घालून परत आली, आणि आपण इथं एका पोरीच्या डोक्याकडे बघत बसलोय. त्याची बायको शेरिल समजूतदार, ती काही म्हणायची नाही, पण भांडी जरा जोरात ठेवायची.

मार्लीननं त्यांना दाद दिली नाही. तिचं आपलं काम चालू होतं. पार्काचा नकाशा फ्रिजवर चिकटवलेला. बसचा मार्ग आखावा तशी तिनं वाट आखली: कुठल्या फाटकातून शिरायचं, आधी कुठल्या बाजूला वळायचं, संडास कुठं, सावली कुठं, ट्रेंटला भूक लागून तो डोकं फिरवायला लागतो तेव्हा आपण खायच्या जागेपाशी कसं असू. दोन गाड्यांत कोण कुठं बसणार, हेही ठरलेलं. कर्टिस आणि ट्रेसी एका गाडीत नकोत, कारण टेनेसी ओलांडायच्या आत त्यांचं रेडिओवरून जुंपणार. कर्टिस म्हणाला, आई, ही सहल आहे की लढाई? मार्लीन म्हणाली, लढाईला माणसं सांगितलेलं ऐकतात.

मधे पानगळीत स्वयंपाकघराची जमीन निघाली. जमिनीला चिकटवलेलं जुनं लिनोलियमचं मेणकापड फाटलं होतं, कडा वर आल्या होत्या. ड्वेनचं म्हणणं, सगळं उखडून खालपासून नीट करू. मार्लीननं ते धुडकावून लावलं. थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आलेला, घरात एवढी माणसं जेवणार, आणि हा पठ्ठ्या आठवडाभर चूल बंद ठेवणार. उखडायचं काही नाही, जुन्यावरच प्लायवूड ठोक आणि त्यावर नव्या फरशा बसव. ड्वेन म्हणाला, जमीन वर येईल. मार्लीन म्हणाली, येऊ दे, आपण काय छताला लागतोय? कोठीच्या खोलीत मात्र जुनंच राहिलं, त्यामुळे तिथं एक बोटभर उंचीची पायरी झाली आणि त्या थंडीत मार्लीनचं करंगळीचं नख तिथं दोनदा फुटलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कॉर्नफ्लेक्सचा खोका लाल रेघेला टेकला. मार्लीननं पुन्हा ठेवून बघितला. टेकला, टेकला. ती खुर्चीवर बसली आणि एप्रन तोंडाला लावून हमसाहमशी रडली. नवऱ्याची पाठ गेली तेव्हा न रडलेली बाई. जोसीनं वळून रेघेकडे पाहिलं, मग आजीकडे. आजीचा गुडघा थोपटून म्हणाली, "बरं झालं ना, आजी?" सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली.

त्याच दिवशी सगळं आरक्षण झालं. ट्रेसीनं वृद्धाश्रमात हातापाया पडून रजा घेतली, कर्टिसनं गॅरेज बंद ठेवायचं कबूल केलं. आणि मार्लीननं टीशर्ट छापून आणले. आमच्याकडे घरची माणसं अशी लांब निघाली की सगळ्यांनी एकसारखे टीशर्ट घालायचे असतात, गर्दीत माणूस हरवत नाही. मार्लीनचे अर्थातच शाळेच्या बससारखे पिवळेधमक. छातीवर ठसठशीत अक्षरांत: जोसी पोचली. ट्रेंट म्हणाला, हे घालून मी मेलो तरी बाहेर पडणार नाही. त्याला सांगण्यात आलं की मेलास तरी घालूनच नेऊ.

निघायला थोडेच दिवस उरले असताना एका सकाळी मार्लीन कोठीतून बिटाच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन येत होती. त्या मेल्या पायरीवर पुन्हा करंगळी आपटली. बरण्या छातीशी कवटाळून, एका पायावर उभी राहून ती ड्वेनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि तिची नजर खाली गेली. कोठीतलं जुनं लिनोलियम तिथं खाली. नव्या फरशा इथं वर. आणि समोर चौकट, लाल रेघेसकट.

तिनं बरण्या टेबलावर ठेवल्या. टेप काढली, फरशीपासून रेघेपर्यंत धरली. त्रेचाळीस. पुन्हा धरली. त्रेचाळीसच. रेघ हलली नव्हती, जमीन वर आली होती. आणि ती वर आणायचा हुकूम तिनंच सोडला होता.

टेप हातात तशीच लोंबकळत राहिली. एवढ्यात कर्टिस आला, गाडीच्या छतावरची पेटी न्यायला. आईचं तोंड बघून त्याला वाटलं बापाला काही झालं. तिनं सांगितलं. कर्टिस आधी हसला, मग आईचं तोंड बघून हसणं गिळलं आणि म्हणाला, एवढंच ना? त्यात काय अवघड आहे, सगळे करतात ते. जाड तळव्याचे बूट घ्यायचे आणि टाचेखाली कागद घालायचा. कोल्बीच्या वेळी जत्रेत आम्ही तेच केलं होतं. कोण बूट काढून बघतो? आणि उगाच पोरीला कशाला सांगायचं? तिला तर वाटतंय ती पोचली.

आता मी मार्लीनची बाजू घेणार नाही. कुणालाही वाटेल की ही बाई ताडकन उभी राहिली असेल आणि पोराला दारातून हाकललं असेल. नाही. तिनं गाडी काढली आणि चपलाबुटांच्या दुकानात गेली. चालताना लाल दिवे लागतात तसले जाड तळव्याचे बूट घेतले, जोसीच्या मापाचे. घरी आली, परवाचं वर्तमानपत्र घेतलं, घडी घातली, टाचेत बसवली, काढली, आणखी एक घडी घातली. दोन वर्षं त्या पोरीला दूध पाजलंय, शब्द दिलाय. तिला पुन्हा त्या काठीखालून परत पाठवायचं?

कागद दाबून बसवता बसवता तिला आपले हात दिसले. याच हातांनी तिनं तीस वर्षं पोरांना बाकावर बसवलं होतं. आयांनी शिव्या दिल्या, हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, तरी ऐकलं नाही, कारण या वळणांवर उभं पोर कुठं जाऊन पडतं ते तिनं एकदाच, बस चालवायला लागली त्या पहिल्या वर्षी, पाहिलं होतं. त्या पोराच्या कपाळावरची खूण अजून आहे. पार्कातल्या गाडीत मांडीवर येऊन बसणारा तो दांडा ज्या मापाच्या पोरासाठी बनवलाय, त्या मापाची जोसी नाही. दांडा आणि पोरीचं अंग यांच्यात फट राहणार. ती फट मी वर्तमानपत्रानं भरणार होते? मार्लीनला स्वतःची शिसारी आली. तिनं कागद ओढून काढला, चुरगाळून चुलीत घातला आणि बूट खोक्यात परत ठेवले.

दुपारी जोसी शाळेतून आली. मार्लीन पुढच्या पायऱ्यांवर बसलेली, शेजारी बुटांचा खोका. जोसी येऊन खोक्याच्या पलीकडे बसली. आजीनं बस चालवताना कधी शब्द शोधले नाहीत, पण आता शोधत होती.

"जोसी, आजीनं घोळ घातलाय गं."

"मी अजून बसत नाही ना?"

मार्लीननं मान वळवून पाहिलं. पोरगी बुटाची नाडी सोडत होती, जशी रोज सोडते तशी.

"तुला कुणी सांगितलं? कर्टिसमामानं?"

"शाळेतल्या नर्सनं सगळ्यांना मोजलं. ख्रिसमसनंतर. मी चव्वेचाळीसचं विचारलं तर म्हणाली, थोडी राहिलीयस."

"मग रेघेला लागलीस तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू रडत होतीस," जोसी म्हणाली. नाडी सुटली, तिनं बूट बाजूला ठेवला. "आणि तुला बसायचं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तू पण नसती गेलीस."

एवढ्या वर्षांत मार्लीनच्या नवऱ्याला दिसलं नाही, पोटच्या पोरांना दिसलं नाही, ते या टीचभर पोरीनं जत्रेत पिशवी धरून उभं असताना बघून ठेवलं होतं आणि तेव्हापासून पोटात ठेवून वागत होती. म्हणजे रविवारी दूध पिऊन चौकटीला उभी राहायची ती कुणासाठी?

"हे बूट कुणाचे?" जोसीनं विचारलं.

"कुणाचे नाहीत. परत जाणार आहेत."

"दिवे छान आहेत," जोसी म्हणाली, आणि खोका बंद केला.

त्या रात्रीच्या जेवणाला मार्लीननं सगळ्यांना बोलावलं. आपली चूक तिनं उभं राहून सांगितली, कुणावर ढकलली नाही. ड्वेनला बोलायची आयती संधी होती, दाढी खाजवत त्यानं फक्त एवढंच म्हटलं की मी जमीन वर येईल असं म्हणालो होतो, तेवढं लक्षात असू द्या. ट्रेसी रडायला लागली. कर्टिस म्हणाला, मग आता काय, आणखी एक वर्ष? ट्रेंट आणि कोल्बीनं डोकी टेबलावर टाकली. मार्लीननंही ते मनाशी ठरवलंच होतं. पोरगी मापात बसत नाही तोवर जायचं नाही, शब्द म्हणजे शब्द. हॉटेलवाले काय कापायचं ते कापतील.

पण जोसी खुर्चीवर उभी राहिली. या घरात खुर्चीवर उभं राहायची कुणाची छाती नाही.

"जायचं," ती म्हणाली. "पण तिथं गेल्यावर आजीनं मी सांगेन ते ऐकायचं. एकदाच."

मार्लीनला आजवर असं कुणी बजावलं नव्हतं. शेरिल हळूच म्हणाली, हो म्हणा आई. मार्लीन म्हणाली, आधी खाली बस, मग हो. जोसी बसली.

दुसऱ्या दिवशी ड्वेननं करवत काढली आणि चौकटीसमोरची एक फरशी आणि तिच्याखालचं प्लायवूड कापून काढलं. जोसी बरोबर मावेल एवढा चौकोन, खाली जुनं लिनोलियम. आता त्या घरी जाणारा प्रत्येक जण तिथं ठेचकाळतो आणि मार्लीन म्हणते, डोळे कुठं होते. उरले टीशर्ट. ट्रेसी म्हणाली, जाळून टाकू. जोसीनं काळं मार्कर घेतलं आणि सगळ्यांच्या छातीवर, जोसी पोचली याच्या खाली, शाळेतल्या वाकड्या अक्षरात एकेक करून लिहिलं: जवळजवळ. ट्रेंटनं आपला सगळ्यात आधी डोक्यातून घातला.

टेनेसी, जॉर्जिया, मग सपाट फ्लॉरिडा. डोंगर संपले तेव्हा ड्वेनला झोप लागेना, म्हणाला, एवढं आभाळ बरं नव्हे. पार्कात पहाटेच फाटकाशी उभे राहिले, लोकांना अडवून धरलेला दोर सुटला तसे मार्लीनच्या वाटेनं वळले, आणि एक सांगायला हवं की तिची वाट चोख होती. कोल्बी हरवला नाही, ट्रेंटचं डोकं फिरलं नाही, कर्टिस आणि ट्रेसीचं भांडणसुद्धा फार तर तीन वाक्यांत मिटलं. बघणारे टीशर्ट वाचायचे, मग जोसीकडे बघायचे आणि हसायचे, पण ते हसणं जत्रेतलं नव्हतं.

मग खाणीची गाडी आली. लाकडी खांब, गंजलेल्या रंगाचे रूळ, वरून किंकाळ्या. ड्वेननं वर पाहून नाक मुरडलं, म्हणाला, असले खांब आमच्याकडे असते तर मी पहिल्याच दिवशी मेलो असतो. फाटकापाशी मापाची काठी होती आणि एक तरुण मुलगी उभी होती. मार्लीन जोसीला बाजूला घेणार, तेवढ्यात जोसी स्वतःच पुढं गेली आणि काठीखाली ताठ उभी राहिली. साधे कापडी बूट. मुलीनं वाकून पाहिलं आणि तोंड पाडलं.

"सॉरी राणी. थोडक्यात राहिलं गं."

"माहीत आहे," जोसी म्हणाली. "मी बघत होते किती राहिलंय."

ती मागं फिरली. आजीसमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले.

"दे."

"काय?"

"पिशव्या. सगळ्या. तू हो म्हणाली होतीस."

मार्लीन हॉकेट जागची हलली नाही. खांद्यावर सहा माणसांचं ओझं होतं: पर्सा, पाण्याच्या बाटल्या, शेरिलची टोपी, पोरांची जाकिटं, सँडविचांचा डबा. तिच्या तोंडात ते वाक्य आलंसुद्धा, जन्मभराचं, आणि ते बोलायच्या आधीच त्याचं उत्तर समोर हात पसरून उभं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ड्वेननं बाकावर सरकून जोसीसाठी जागा केली आणि म्हणाला, जा बाई आता, नाहीतर पोरगी इंजिन बंद करून बसेल.

मार्लीननं एकेक पिशवी उतरवली. खांद्यांना पट्ट्यांचे वळ पडले होते. जोसीनं सगळं घेतलं, गळ्यात, खांद्यावर, पोटाशी. पिशव्यांच्या वर फक्त तिचे डोळे दिसत होते.

रांगेत कर्टिस आईच्या शेजारी होता. अर्धी रांग सरली. मग तो म्हणाला, "आई, आम्ही तुला कधी विचारलंच नाही गं." मार्लीन म्हणाली, पुढं बघून चाल. पण तिनं त्याचा हात धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही.

पहिला डबा मिळाला. दांडा खाली आला, मार्लीननं तो तीनदा ओढून बघितला, शेजारच्या अनोळखी पोरालाही नीट बस म्हणून बजावलं. गाडी खडखडत चढायला लागली. वर पोचल्यावर क्षणभर थांबली, आणि तिथून तिला खाली बाक दिसला. एक म्हातारा आणि त्याच्या शेजारी पिशव्यांचा ढीग. ढिगातून एक बारका हात वर आला होता. मग गाडी सुटली, आणि मार्लीन अशी किंचाळली की मागच्या डब्यात बसलेले तिचे नातू आजतागायत तिची नक्कल करतात.

खाली आली तेव्हा केस उभे, चष्मा तिरका. ती तशीच बाकाशी गेली. जोसी पिशव्यांसकट उठून उभी राहिली. तिनं एकही पिशवी खाली ठेवली नव्हती, ड्वेन घेतो म्हणाला तरी दिली नव्हती.

"कसं होतं?"

मार्लीनला पोरीशी खोटं बोलायचं नव्हतं. नाही आवडलं म्हटलं असतं तर पोरीला बरं वाटलं असतं, हे तिला कळत होतं.

"फार मजा आली गं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "फारच मजा आली. तुझ्याशिवाय आली, तरीसुद्धा आली."

"मग झालं तर," जोसी म्हणाली.

मार्लीननं पिशव्या घ्यायला हात पुढं केला. जोसी एक पाऊल मागं सरकली.

"इतक्यात कुठं? परत बसून ये. पुढच्या वर्षी मी येणार आहे, तेव्हा तुला सगळं यायला पाहिजे."

बाकी सगळे तोवर आइस्क्रीमकडे वळले होते. ड्वेन बघत होता, कर्टिस बघत होता. मार्लीननं डोळे पुसले, चष्मा सरळ केला, मोकळे खांदे एकदा उडवून पाहिले, आणि एकटीच परत रांगेत जाऊन उभी राहिली.